एकट्यानेच शूटिंग करायचे? मग कॅमेरा आधी कानाने पारखा!



व्हिडिओचे काम निघाले नाही असा महिना आता गावात जात नाही. ग्रामसभा आली, शूटिंग करा. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी दिसली, फीत काढून पाठवा. पीक प्रात्यक्षिक झाले, त्याची नोंद ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी पाण्याखाली गेलेले पीक मोबाइलवर टिपून ठेवले. कामे अशी वाढली, पण ती करणारा माणूस मात्र एकच राहिला.

जुन्या मंडळींना १९९० च्या दशकातली लग्ने आठवत असतील. पॅनासॉनिकचा एम-७ नाहीतर एम-९००० हा भलामोठा व्हीएचएस कॅमेरा एकाच्या खांद्यावर, हॅलोजनचा दिवा दुसऱ्याच्या हातात आणि वायर सोडत-गुंडाळत मागे तिसरा पोरगा. दूरदर्शनचे लोक शेतावर यायचे तेव्हाही चित्र घेणारा वेगळा, आवाज सांभाळणारा वेगळा असे. आज सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या आपल्या वळसंगमध्ये काय, किंवा शेजारच्या कुठल्याही गावात काय, ही सगळी कामे एकाच्याच गळ्यात पडतात. प्रश्न तोच विचारणार, कॅमेरा तोच धरणार आणि मधेच कुणाचा फोन आला तर तोही तोच घेणार!

अशा एकट्या माणसाने कॅमेरा कोणता घ्यावा, हा या लेखाचा विषय आहे.

मेगापिक्सेल मोजू नका

कॅमेऱ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती मेगापिक्सेल? बैल घेताना आपण रंग बघून पैसे मोजत नाही. दात बघतो, खांदा बघतो, चार पावले चालवून बघतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र डब्यावरच्या आकड्याला भुलतो.

हा आकडा मुख्यतः स्थिर फोटोसाठी असतो. फुल एचडी व्हिडिओच्या एका चौकटीत साधारण २ मेगापिक्सेल इतकेच चित्र असते आणि ४के व्हिडिओत साधारण ८. म्हणजे ५० किंवा १०८ मेगापिक्सेलसाठी जास्त पैसे मोजले म्हणून ग्रामसभेचे शूटिंग चांगले होईल असे अजिबात नाही. गावच्या कामाला फुल एचडी पुरते.

मग बघायचे काय? एकट्या माणसाच्या कॅमेऱ्याला तीन कसोट्या लावाव्यात. पहिली आवाजाची, दुसरी हात न लावता नीट चालण्याची आणि तिसरी दमाची. त्यातही आवाज पहिला. चित्र थोडे अंधारे आले तरी माणूस बघतो, पण बोललेले कळले नाही तर पुढे बघत नाही.

शेजारच्या बायांनी काय केले?

सोलापूरहून हैदराबादच्या हमरस्त्याला लागले की सुमारे दोनशे किलोमीटरवर तेलंगणातले जहीराबाद लागते. त्या भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचे महिलांचे संघम आहेत. या संघममधल्या दलित शेतकरी बायांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ कॅमेरा शिकून घेतला. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश (निधन २०२३) हे स्वतः पूर्वी दूरदर्शनचे निर्माते होते. मोठ्या ताफ्याचे काम जवळून पाहिलेल्या माणसाने कॅमेरा बायांच्या हाती दिला. वरंगळच्या शेतकऱ्यांना बीटी कापसाचा काय अनुभव आला, यावर या बायांनी २००३ साली केलेली फीत गाजली.

त्यांनी कॅमेऱ्याच्या भाषेला आपले शब्द दिले. वरून खाली बघणाऱ्या चित्राला त्या ‘पटेल शॉट’ म्हणतात, कारण जमीनदार मजुराकडे तसा बघतो. समोरच्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेल्या चित्राला त्या ‘संघम शॉट’ म्हणतात, कारण संघममध्ये सगळ्या बरोबरीने बसतात. आपण मात्र बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे शूटिंग उभ्यानेच करतो. तो मान वर करून बोलतो, डोळ्यांवर ऊन येते आणि माणूस अवघडून जातो.

दुसरा दाखला ‘डिजिटल ग्रीन’चा. २००६ मध्ये बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये हा प्रयोग सुरू झाला आणि पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली. स्थानिक शेतकऱ्यालाच पडद्यावर घ्यायचे, साध्या कॅमेऱ्याने थोड्या मिनिटांची फीत करायची आणि ती लहान गटात थांबवत-थांबवत, चर्चा करत दाखवायची, अशी ही पद्धत. बघणाऱ्याला चित्राच्या झगमगाटाशी देणे-घेणे नव्हते. हा बोलणारा कोण, कुठल्या गावचा, आपल्यासारखाच आहे का, हे त्याला कळायला हवे होते. आम्हा विस्ताराचे काम करणाऱ्यांचाही अनुभव वेगळा नाही. शेजारच्या शिवारातला शेतकरी आपल्या बोलीत सांगतो ते पटते. पण त्याचे बोलणे वाऱ्याच्या घोंगावण्यात बुडाले तर पटायचे काय?

पहिली कसोटी : आवाज

उघड्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथाई होतो. दोन फुटांवर जो आवाज खणखणीत असतो, तो आठ फुटांवर सोळाव्या हिश्शाने उरतो. कॅमेऱ्याच्या अंगचा माइक कितीही चांगला असला तरी कॅमेरा आठ-दहा फूट लांब असतो. तिथून आवाज घेणे म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत लांबून हाक मारल्यासारखे आहे. म्हणून माइक बोलणाऱ्याजवळ न्यावा. त्यासाठी कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडण्याची सोय हवी. ही सोय नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी तपासाव्यात.

कॅमेऱ्याला माइकचे भोक आहे का, आणि इअरफोनचे वेगळे भोक आहे का, हे पाहावे. इअरफोन लावून आवाज ऐकता आला तर माइक बंद राहिल्याचे जागच्या जागी कळते. नाहीतर ते घरी गेल्यावर कळते आणि तोवर सभा उठलेली असते.

माइकची पिन बघावी. कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर साधारणपणे दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलच्या पिनेवर तीन. एकाची पिन दुसऱ्यात बसते, पण आवाज येईलच असे नाही. नव्या मोबाइलना तर गोल भोकच नसते. तिथे टाइप-सी पिनेचा माइक लागतो.

काही मोबाइलचे मूळचे कॅमेरा अॅप बाहेरचा माइक जोडला तरी आतल्याच माइकचा आवाज घेते. सेटिंगमध्ये बाहेरचा माइक निवडावा, नाहीतर तशी सोय असलेले दुसरे अॅप घ्यावे. दुकानातच बोलून, परत ऐकून खात्री करावी.

वायरचा कॉलर माइक काही शे रुपयांत मिळतो आणि शेतातल्या मुलाखतीला पुरतो. बिनवायरचा महाग पडतो, पण ग्रामसभेत बोलणाऱ्याच्या हाती देता येतो. बिनवायरचा घेतल्यास दोन माइकचा संच घ्यावा, म्हणजे एक अध्यक्षांपुढे आणि दुसरा सभेत फिरता राहील.

माइकला फोमची टोपी असतेच, पण आपल्याकडच्या आषाढातल्या वाऱ्याला ती पुरत नाही. वर केसाळ टोपी घालावी. सभागृहात माइक पंख्याच्या खाली ठेवू नये.

ग्रामसभेत हे सगळे का महत्त्वाचे?

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ हे संगणकीय साधन सुरू केले. ग्रामसभेच्या ध्वनिचित्रफितीवरून ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. सोय चांगली आहे, पण यंत्र ऐकू आलेलेच लिहिणार. कॅमेरा अध्यक्षांच्या टेबलासमोर आणि माइकही तिथेच असेल, तर पुढाऱ्यांचे भाषण शब्दन् शब्द येईल. मागच्या रांगेतून उठून “आमच्या वस्तीवर नळ कधी येणार?” असे विचारणाऱ्या बाईचा प्रश्न मात्र गोंगाटात जाईल. त्यात आपल्या दक्षिण सोलापूर भागात माणूस मराठीत सुरू करतो, कानडीत संपवतो. आवाज स्पष्ट असेल तर निदान ऐकून लिहिणाऱ्याला ते समजेल. तोच धड नसेल तर कागदावर त्या बाईने प्रश्न विचारलाच नव्हता असे होईल. माइकच्या खर्चाकडे कागदोपत्री वरखर्च म्हणून बघू नका. गावातल्या माणसाचा शब्द नोंदीत येतो की नाही, हे त्यावर ठरते.

दुसरी कसोटी : हात न लावता चालतो का?

एकटा माणूस प्रश्न विचारत असताना कॅमेऱ्याला धरू शकत नाही. म्हणून कॅमेऱ्याबरोबरच मजबूत स्टँडचे पैसे धरावेत. वाऱ्यात हलका स्टँड हलतो, त्याच्या मधल्या दांडीला दगड भरलेली पिशवी टांगावी. खाली बसवता येईल असा स्टँड असावा, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा येतो.

कॅमेऱ्याचा पडदा बाजूला उघडून पुढे वळणारा असावा. समोर बसल्या-बसल्या आपण चौकटीत आहोत का, लाल खूण पेटली आहे का, हे दिसते.

फोकस आपोआप धरणारा आणि चेहऱ्यामागे जाणारा असावा. दुकानात कॅमेरा स्टँडवर ठेवून त्याच्यापुढे दोन पावले पुढे-मागे चाला. चेहरा धूसर होऊन पुन्हा नीट व्हायला वेळ लागत असेल तर तो कॅमेरा एकट्या माणसाच्या कामाचा नाही. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक ठिकाणी फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. बोलणारा एका जागी बसला असेल तर हे जरूर करावे. नाहीतर मागून ट्रॅक्टर गेला की चित्र कधी उजळ, कधी काळे होते.

ट्यूबच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडावे, किंवा सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवावे. पट्टे बहुधा जातात.

तिसरी कसोटी : दम

ग्रामसभा दोन-दोन तास चालते. फोटोसाठी बनवलेले कित्येक जुने कॅमेरे मात्र २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की व्हिडिओ आपोआप बंद करतात. युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यावर वेगळी जकात होती, ती चुकवण्यासाठी कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. बहुतेक नव्या मॉडेलांत ती नाही, पण जुना कॅमेरा स्वस्तात घेताना हे पहिले विचारावे. एकटा माणूस सभेत दुसरीकडे असतो आणि कॅमेरा कधी बंद पडला हे त्याला कळत नाही.

उन्हाचेही तसेच. अॅपल आणि सॅमसंग या कंपन्या आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. आपल्याकडे १ मेच्या ग्रामसभेला पारा चाळिशीच्या पुढे असतो. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग रेकॉर्डिंग थांबवतो. फोन सावलीत ठेवावा, कव्हर काढावे आणि ४के ऐवजी फुल एचडीवर चित्रीकरण करावे. तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरते.

बॅटरीबाबत एकच प्रश्न विचारावा : चालू असताना पॉवर बँकेवरून वीज घेतो का? काही कॅमेरे बंद असतानाच चार्ज होतात. तसे असेल तर दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च धरावा.

कार्डाचा हिशेब असा. मोबाइलवर फुल एचडी व्हिडिओला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. म्हणजे दोन तासांना ७ ते १६ जीबी. मोठ्या कॅमेऱ्यावर १०० मेगाबिटच्या दराने ४के घेतले तर तासाला ४५ जीबी लागते. कार्डावर ‘व्ही३०’ किंवा ‘यू३’ अशी खूण असावी, म्हणजे ते सेकंदाला निदान ३० एमबी लिहू शकते. मोबाइलवर चित्रीकरणाआधी फ्लाइट मोड लावावा. मधेच फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकते.

कुणी काय घ्यावे?

शेतकऱ्याने आणि बचत गटाने नवा कॅमेरा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हातातला मोबाइल, एक बळकट स्टँड आणि कॉलर माइक एवढ्यावर काम भागते. अळी, फळमाशी, पानावरचे ठिपके दाखवायचे तर मोबाइल फार जवळ नेऊ नये, चित्र धूसर होते. मॅक्रोची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर एक वीत लांब धरून दुप्पट झूम करावे. शेजारी नाणे किंवा काडेपेटी ठेवावी, म्हणजे किडीचा आकार कळतो.

ग्रामपंचायतीला मोठी सभा टिपायची असते, बोलणारा लांब असतो. तिथे हँडीकॅमच्या जातीचा कॅमेरा सोयीचा. त्याचे झूम भिंगाचे असते, चित्र फाटत नाही आणि तो तासन् तास चालतो. नवी मॉडेले आता फारशी येत नाहीत, तरी चालू स्थितीतला जुना मिळाल्यास तपासून घ्यावा. अंधाऱ्या सभागृहात त्याचे चित्र दाणेदार येते, म्हणून दिवे सगळे लावावेत.

भिंग बदलता येणारा मिररलेस कॅमेरा चित्राला सगळ्यात देखणा. पण पन्नास-साठ हजारांचा कॅमेरा घ्यायचा, वर भिंग वेगळे, माइक वेगळा. काळ्या रानातल्या धुळीत भिंग बदलणेही जोखमीचे. गावात शिकलेला, रोज वापरणारा तरुण असेल तरच घ्यावा. नाहीतर तो कपाटात जातो आणि दरवर्षी जडवस्तू नोंदवहीत तेवढा दिसतो.

ट्रॅक्टरवर, फवारणी यंत्रावर बांधायचा छोटा अॅक्शन कॅमेरा धक्के आणि पाणी सोसतो. पण त्यात माणसे लांब, लहान दिसतात. मुलाखतीला तो नको.

ग्रामपंचायत दरपत्रके मागवते तेव्हा नुसते ‘व्हिडिओ कॅमेरा, नग १’ लिहू नये. बाहेरच्या माइकचे भोक, इअरफोनचे भोक, सलग दोन तास रेकॉर्डिंग, चालू असताना चार्जिंग, वळणारा पडदा, स्टँड, माइकचा संच आणि कार्ड असे सगळे लिहावे. नाहीतर सर्वांत कमी दराचा कॅमेरा येईल आणि त्याला माइकच जोडता येणार नाही.

फीत पुरावा म्हणून ठेवायची असेल तर

नुकसानीचे चित्रीकरण तुकड्या-तुकड्यात करू नये. बांधावरची खूण, विहीर किंवा झाड दाखवून सुरू करावे आणि न थांबवता पिकापर्यंत जावे. गट नंबर आणि तारीख तोंडाने बोलावी. ही फीत पंचनाम्याची जागा घेत नाही, पण पंचनाम्याच्या वेळी दाखवायला उपयोगी पडते.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ आकसतो, म्हणून मूळ फाइल जपावी. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशी नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलच्या ‘हॅश’चा आकडा द्यावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. फाइल जराही बदलली की अंगठा जुळत नाही. म्हणून मूळ कार्डावरची फाइल कापू-जोडू नये. आणि कुणाचेही शूटिंग करण्याआधी त्याला विचारावे, हे सांगायला कायदा लागू नये.

खरेदीआधी एक प्रयोग

येत्या ग्रामसभेला उसना मोबाइल स्टँडवर बांधा आणि काही शे रुपयांचा माइक जोडा. दहा मिनिटे अध्यक्षांजवळ, दहा मिनिटे मागच्या रांगेत माइक ठेवून रेकॉर्डिंग करा. दुसऱ्या दिवशी सभेला न आलेल्या एखाद्या माणसाला ते ऐकवा, पडदा न दाखवता. मागच्या रांगेतल्या बाईने काय विचारले ते त्याने नीट सांगितले, तर तुमच्या गावाला नवा कॅमेरा लागतच नाही. ते पैसे दुसऱ्या माइकला घाला. त्याला सांगता आले नाही, तर मग मासिक सभेत खरेदीचा विषय घ्या आणि वरची यादी समोर ठेवा.